हद्दीपार न्यायची वस्तू

तारानं जेवता जेवता विषय काढला आणि येसाजीचा हात ताटातच थांबला.

"आप्पा, कुवेतला जायच्या आधीच लॅपटॉप घेऊन टाकते. बेळगावात क्लासचे सर त्यांचा जुना देतायत."

"लॅपटॉप म्हंजे?" बायजानं, तिच्या आईनं विचारलं.

"कॉम्प्युटरच गं आये. पण वहीसारखा मिटतो. पिशवीत घालून कुठंपण नेता येतो."

"कुठंपण म्हंजे इमानातनं?" येसाजी म्हणाला.

"व्हय. त्याच्यासाठीच तर घ्यायचा."

येसाजीनं भात तसाच ठेवून हात धुतला. "तिथं जा, मग घे," एवढंच बोलून तो परसात गेला. परसात काही काम नव्हतं. फणसाच्या बुंध्याला टेकून तो नुसता उभा राहिला. बायजानं दारातून एकदा पाहिलं आणि त्याला हाक मारली नाही.

येसाजी मिराशी कॅसलरॉकच्या स्टेशनातच वाढला म्हटलं तरी चालेल. मिसरूड फुटायच्या सुमाराला तो तिथं हमाली करायला लागला, पुढं रेल्वेत सांधेवाला म्हणून चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. गोव्याकडं उतरणाऱ्या कितीतरी गाड्यांचा रस्ता त्यानं आपल्या हातानं जुळवून दिला, पण त्यातल्या एकाही गाडीत बसून तो स्वतः घाट उतरला नव्हता. बेळगाव, हुबळी, एकदा मिरज, एवढीच त्याची धाव. गोव्यातल्या नात्यात लग्नं झाली, बारशी झाली, बायजा लेकीला घेऊन जाऊन आली. येसाजीला नेमकी त्याच दिवशी ड्यूटी असायची. मनगटावर त्यानं जन्मात घड्याळ बांधलं नाही. रेल्वेचा माणूस आणि घड्याळ नाही म्हणून लोक हसायचे, तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

त्याला भित्रा म्हणावं असं काही नव्हतं. पावसात दरड कोसळली की कंदील घेऊन सगळ्यात पुढं तोच असायचा. एकदा रुळावर गवा येऊन उभा राहिला, तर येसाजी हातातला बावटा फडकावत त्याच्यासमोर गेला होता. भीती कशी असते हे त्याच्याकडं बघून कुणाला कळलं नसतं.

तारा त्याची एकुलती. शाळा लोंढ्याला झाली, मग बेळगावात पॉलिटेक्निक. घरांचे, पुलांचे नकाशे काढण्यात तिचा हात बसला होता. एका कंत्राटदाराकडं ती कागदावर नकाशे काढायची आणि तो तिच्या रेघेवर खूश असायचा. पण अठ्ठ्याण्णव साल संपत आलं होतं. मोठ्या कंपन्यांना कागदावरचे नकाशे नको झाले होते. सगळं कॉम्प्युटरवर मागत होते. कुवेतमधल्या एका बांधकाम कंपनीनं तिच्या रेघा बघून तिला निवडलं. रामनगरची फुला, तिची मैत्रीण, तिथं आधीपासून नर्स होती. तिच्या खोलीत राहायचं ठरलं. अट एकच होती. पोचल्यावर कॉम्प्युटरवर काम करून दाखवायचं. जमलं नाही तर आल्या पावली परत.

लॅपटॉप आधी घ्यायचा की नंतर, यावर मग रोज बोलणं व्हायला लागलं. येसाजी रोज नवीन कारण काढायचा.

"गाडीत आदळला, आपटला म्हंजे?"

"कपड्यांत गुंडाळून नेईन."

"तिथली लाईट आपल्यासारखी असतीय काय?"

"आपल्यासारखीच हाय. फुलाला विचारलंय."

"तिकडं स्वस्तात मिळतोय म्हणतात. नवा कोरा. मग हितला जुना कशाला वाहून न्यायचा? पोच, काम कर, सावकाश घे."

हे शेवटचं कारण खरंच बरोबर होतं, आणि तारालाही ते ठाऊक होतं. फुलानंही पत्रात तेच लिहिलं होतं. तरीही ती हट्ट सोडत नव्हती, आणि का सोडत नाही ते सांगतही नव्हती. बायजाची धास्ती आणखी वेगळी. नव्वद साली कुवेतात लढाई पेटली तेव्हा तिच्या माहेरच्या ओळखीतला एक माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आला होता. "आधी घे न्हाईतर मागनं घे, पळायची पाळी आली तर ते टाकून पळ," असं ती लेकीला भाकरी थापता थापता सांगायची.

एका दुपारी येसाजी तिला म्हणाला, "चल, स्टेशनाकडं जाऊन येऊ."

फलाटाच्या टोकाला जुन्या कस्टमची पडकी शेड होती. गोवा पोर्तुगीजांचा होता तेव्हा हद्द इथंच असायची. गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचं, पेट्या उघडायच्या, आत काय काय आहे ते दाखवायचं. हे ताराला ऐकून माहीत होतं. गावातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं. येसाजी शेडच्या पायरीवर बसला.

"माझा थोरला भाऊ," तो म्हणाला, "नारायणदादा."

"तो तापानं गेला ना?"

"तापानं न्हाई."

नारायण तेव्हा गोव्यात, सावर्ड्याकडं खाणीवर कामाला होता. सणाला घरी येताना त्यानं वडलांसाठी एक मनगटी घड्याळ आणलं होतं. चोरीचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं नव्हे, स्वतःच्या कमाईचं. गाडी कॅसलरॉकला लागली. येसाजी तेव्हा फलाटावर हमाली करत होता, कुणाची तरी ट्रंक त्याच्या डोक्यावर होती. त्याला खिडकीत भाऊ दिसला. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागाहून कळलं, डब्यात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की घड्याळ सापडलं तर आत टाकतात, वर्षवर्ष सोडत नाहीत.

"माझ्याकडं बगितलं त्यानं. आणि मग दिसंना झाला. फलाटाच्या उलट्या बाजूनं उडी मारली बग. रुळावरनं बोगद्याकडं पळत सुटला. आणि गाडीला मागनं ढकलून आणलेलं इंजन तेवढ्यात सुटून घाटात परत निघालेलं."

तारानं तोंडावर हात धरला.

"कुणी धरलं न्हाई त्याला, कुणी मागं पळालं न्हाई. त्याचं नावसुदा कुणी विचारलं नव्हतं. त्याच सांजंला कस्टमचा सायेब आमच्या बापाला म्हणाला, अहो, एका घड्याळाला आम्ही थोडा कर लावून सोडलं असतं." येसाजी रुळांकडं बघत होता. "तुझं ते यंत्र म्हंजे घड्याळापरीस किती मोठं. तिथं दारात सायेब बसलेले असणार. तू एकटी. म्हणून म्हणतो, हात हालवत जा. पलीकडं जाऊन काय पायजे ते घे. हद्दीवरनं वस्तू न्हेऊ नकोस, पोरी."

ताराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बरं आप्पा," ती म्हणाली. "न्हाई घेत. तिथं गेल्यावर घेते."

येसाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. दोन-चार दिवस तो नीट जेवला, फणसाखाली विडी ओढत गुणगुणलासुद्धा.

मग त्याचं लेकीकडं लक्ष गेलं. ती जेवत नव्हती. रात्री झोपेत ओरडायची. बायजानं आलं घालून काढा दिला, तोही तसाच ठेवायची. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर तिनं चौकोन आखून त्यात अक्षरं लिहिली होती. तो पुठ्ठा मांडीवर घेऊन ती खिडकीपाशी बसायची आणि त्यावर बोटं मारत राहायची. एक दिवस येसाजी मागं येऊन उभा राहिला तरी तिला कळलं नाही.

"काय करूलीस हे?"

ती दचकली. "काय न्हाई. सवय."

"पुठ्ठ्याची?"

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "आप्पा, मला काय येत न्हाई. क्लासात एका कॉम्प्युटरवर आमी तिघी बसतो. माझी पाळी आली की लाईट जाते. त्यांनी माझे कागदावरचे नकाशे बघितलेत, त्यांना वाटतंय मला हे पण येतं. मी व्हय म्हणून बसले. तिथं खुर्चीवर बसवतील, सगळे मागं उभे राहतील, आणि माझी बोटं चालणार न्हाईत."

"मग शिकशील की."

"कधी? तिथं पोचल्यावर घेतला तर शिकायला वेळच न्हाई. आता हातात आला तर जायच्या आधी रोज बसता येईल. त्याला बॅटरी असते, लाईट गेली तरी चालतो. म्हणून आधी पायजे होता." तिनं पदरानं नाक पुसलं. "राहू दे. तुमी सांगितलं ते पण खरंच हाय."

येसाजी खाली बसला. आपली पोर इतके दिवस आतल्या आत एवढं भ्यालेली होती आणि आपण समजत होतो की ती हौसेपायी हट्ट करतेय. भ्यालेलं माणूस काय करून बसतं हे त्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कुवेतातल्या त्या खुर्चीवरून पोर उठून पळाली तर? परक्या मुलखात, कुठल्या दिशेनं पळेल?

"उद्या बेळगावला जाऊ," तो म्हणाला. "आधीच घेऊ."

"आप्पा, पण..."

"सुम्म बस. मी बी येतो."

सरांचा लॅपटॉप काळा, जाडजूड आणि चांगलाच वजनदार होता. परतीच्या गाडीत येसाजीनं तो मांडीवर घेतला आणि लोंढ्याला गाडी बदलतानाही कुणाच्या हाती दिला नाही. घरी आल्यावर त्याच्यासाठी भिंतीतलं फडताळ रिकामं केलं, उंदरांच्या भीतीनं पत्र्याचा डबा आणला. तारा रोज दुपारी बसायची. लाईट गेली की बॅटरी संपेपर्यंत घाई करायची, मग लाईट येईपर्यंत दाराकडं बघत राहायची. पहिल्या आठवड्यात तिची रेघ कुठंतरी भलतीकडेच जायची आणि ती रागानं उठून निघून जायची. हळूहळू पडद्यावर भिंती उभ्या राहायला लागल्या. जिना आला, खिडक्या आल्या. ती जेवायला लागली, पण झोपेत ओरडणं थांबलं नाही.

आणि येसाजीची भीती परत जागी झाली ती झालीच. डबा उघडून तो त्या वस्तूकडं बघायचा आणि परत बंद करायचा. सरांनी विकत दिल्याचा कागद त्यानं ताराला पुन्हा पुन्हा काढून दाखवायला लावला.

विमान गोव्यातल्या दाबोळीहून होतं. बायजाला वाटलं, नवरा स्टेशनापर्यंत येईल आणि तिथूनच परत फिरेल. तिनं आपल्या भावाला, वासूला, बरोबर जायला सांगून ठेवलं होतं. पण वास्कोची पॅसेंजर लागली आणि येसाजी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून डब्यात चढला. बायजा खिडकीपाशी आली, लेकीचा हात धरून रडली, आणि मग तिनं वासूला खुणेनंच सांगितलं, तू राहू दे.

गाडी सुटली. पहिला बोगदा आला तसा डब्यात अंधार झाला आणि ताराला शेजारी आपल्या बापाचा श्वास ऐकू आला, जोरजोरात, चढ चढून आल्यासारखा. उजेडात आल्यावर तिनं पाहिलं तर त्याच्या कपाळावर घाम होता. पिशवी त्यानं पोटाशी धरली होती.

"आप्पा, पाणी?"

त्यानं मान हलवली. बोगदे येत राहिले, जात राहिले. दूधसागरला सगळे खिडक्यांकडं धावले, लहान पोरं ओरडली, तुषार आत आले. येसाजीनं वर पाहिलं नाही. पिशवी भिजू नये म्हणून त्यानं तिच्यावर आपला टॉवेल टाकला.

पुढं उतारावर मध्येच गाडी थांबली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरीतलं रान. डब्याच्या त्या टोकाकडून एक खाकी कपड्यातला माणूस आत आला. वर ठेवलेल्या सामानाकडं बघत, एकेका बाकापाशी थांबून काहीतरी विचारत तो पुढं येत होता.

तारा त्याच्याकडं बघत होती. तिनं परत मान वळवली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.

येसाजी पिशवी घेऊन दरीकडच्या दारात उभा होता. दार उघडं होतं. त्याचा एक पाय खालच्या पायरीवर होता आणि तोंडावर असं काही होतं की ते त्याचं तोंड वाटत नव्हतं.

ती धावली. ओरडली नाही. ओरडलं तर तो उडी टाकेल असं तिला वाटलं. तिनं मागून त्याचं मनगट धरलं. नाडी इतक्या जोरात उडत होती की तिच्या बोटांना ती धडधड कळत होती.

"आप्पा," ती हळू म्हणाली, "कुठं जाऊलासा?"

"तो आला बग."

"येऊ दे. कागद हाय आपल्याकडं."

"दादाचं घड्याळ बी चोरीचं नव्हतं. कमाईचं होतं."

"मी हाय. मला सोडून खाली जाणार काय?"

तो तिच्याकडं बघायला लागला. आपण कुठं उभे आहोत हे त्याला आता कुठं कळत होतं. खाली खडी होती आणि खडीच्या पलीकडं नुसती पोकळी. त्यानं पाय वर घेतला. दोघं तिथंच दाराजवळ खाली बसली, पिशवी दोघांच्या मधे.

खाकी कपड्यातला माणूस जवळ आला. "काळी छत्री कुणाची हाय काय? मागच्या डब्यात राहिलीय," त्यानं विचारलं. तारानं नाही म्हटलं. "दारात बसू नका," असं बोलून तो पुढं गेला.

येसाजी रडायला लागला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. एवढ्या वर्षांत तारानं बापाला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याला उठवून जागेवर आणलं. घाटाखालच्या कुळे स्टेशनापर्यंत त्याचा हात तिनं सोडला नाही.

दाबोळीला फक्त जाणाऱ्यांनाच आत सोडत होते. येसाजीनं पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. काय बोलायचं ते त्यानं गाडीत ठरवलेलं असावं, पण ऐन वेळी तो एवढंच म्हणाला, "पळायचं न्हाई. काय बी इचारलं तरी जागेवर उभं राहायचं."

"व्हय आप्पा."

काचेच्या पलीकडं ती रांगेत उभी राहिलेली त्याला दिसत होती. माणसांच्या पाठींमधून मधेच दिसायची, मधेच नाहीशी व्हायची. मग ती टेबलापाशी पोचली आणि पांढऱ्या कपड्यातल्या एका अधिकाऱ्यानं तिची पिशवी उघडली. लॅपटॉप बाहेर काढला. उलटा करून पाहिला. दुसऱ्या एका माणसाला बोलावलं. येसाजीनं काचेला दोन्ही तळवे लावले. अधिकारी बोलत होता, तारा मान हलवत होती. तिनं झाकण उघडलं, पडदा उजळला, दोघेही वाकून बघायला लागले. तिची बोटं चालत होती. काय चाललंय ते त्याला कळेना, आणि कुणाला विचारावं तेही सुचेना. रखवालदारानं त्याला काचेपासून लांब व्हायला सांगितलं. तो मागं सरला आणि परत पुढं आला. तेवढ्यात एक सामानाची गाडी आडवी आली. ती हटली तेव्हा टेबलापाशी दुसरंच कुणीतरी उभं होतं.

विमान वर जाईपर्यंत तो बाहेरच्या भिंतीपाशी बसून राहिला. घरी परत कसा आला हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बायजानं विचारलं, "गेली काय नीट?" तर तो म्हणाला, "ठाव न्हाई."

पुढचे दिवस वाईट गेले. फोन येईना. गोव्याहून येणारी प्रत्येक गाडी आली की येसाजी फलाटावर जाऊन उतरणाऱ्या बायका बघायचा. पोरीला परत पाठवलं असेल, कुठं अडवून ठेवलं असेल, किंवा ती कुणाला न सांगता कुठं निघून गेली असेल, हे सगळं त्याच्या डोक्यात फिरत असायचं. बायजा देवाला नारळ बोलली. वासू रामनगरला फुलाच्या घरी जाऊन चौकशी करून आला. त्यांनाही काही खबर नव्हती.

एका रविवारी स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथवरून निरोप आला. येसाजी अनवाणीच धावला.

"आप्पा, फुलाकडचा फोन बंद पडलेला," तारा पलीकडून ओरडून सांगत होती. "मी बरी हाय. काम दाखवलं. ठेवून घेतलं."

"बोटं चालली?"

"आधी न्हाई चालली. त्यांच्याकडं सगळं नव्या तऱ्हेचं निघालं, माझ्यासारखं न्हाईच. पडदा बघून डोळ्यांपुढं अंधारी आली. मग तुमी म्हणालासा तसं जागेवरच बसून राहिले. थोड्या वेळानं एक भिंत काढली. मग दुसरी काढली."

बूथवाला येसाजीकडं बघत होता, मागं बायजा धापा टाकत येऊन पोचली होती.

"आणि दारात तो सायेब काय इचारत होता एवढा येळ?" त्यानं विचारलं.

पलीकडं ती हसली. "त्याची पोरगी इंजिनीयरिंगला हाय म्हणे. हा कुठं मिळतो, चांगला चालतो काय, म्हणून इचारत होता. परत येताना कर लागू नये म्हणून एक कागद पण करून दिला."

रिसीव्हर कानाशी धरून येसाजी तसाच उभा राहिला. शेवटी बायजानं तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि लेकीला विचारायला लागली, तिकडं तांदूळ कसला मिळतो, आणि रात्री दाराला कडी लावून निजतेस की नाही.